नादारीचा अर्ज कुठल्या कोर्टात करायचा?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतील समाजमंदिरात एक गृहस्थ आले. वय चाळिशीच्या घरातले, सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत कामाला. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात कागदांचा गठ्ठा. जयभीम करून बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. चहा झाला. मग हळूच म्हणाले, "भाऊ, दिवाळखोरीचं कोर्ट मुंबईत नेमकं कुठं असतं? मागच्या बुधवारी खाडा करून जाऊन आलो, पण ते कोर्ट निराळंच निघालं."

आमची नोकरी कारकुनाची. रविवारी वस्तीतल्या लोकांचे फंडाचे, पेन्शनचे, दाखल्यांचे अर्ज लिहून देणे हे काम आम्ही आणि आमचे दोन-तीन सहकारी बरीच वर्षे करीत आलो आहोत. बी.कॉम.ला असताना नादारीच्या कायद्यावर एक धडा होता, तो आम्ही मार्कांपुरता पाठ केला होता. त्या धड्याची गरज आपल्याच वस्तीत पडेल असे तेव्हा वाटले नव्हते.

त्या गृहस्थांची हकीकत थोडक्यात अशी. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने पतसंस्थेतून कर्ज काढले, हे त्याला जामीन राहिले. कर्ज काढणारा वर्षभरात काम सोडून गावी गेला तो परत आलाच नाही. पतसंस्थेचा तगादा यांच्या दारी सुरू झाला. ते हप्ते भरण्यासाठी यांनी एका फायनान्स कंपनीचे कर्ज घेतले. तिचे हप्ते थकू लागले तेव्हा हातउसने घेतले आणि शेवटी व्याजाने. त्यात आईचे आजारपण. एकूण देणे ४ लाख २५ हजारांच्या वर गेले आणि महिन्याला हातात येणार १३ हजार. पतसंस्थेने वसुलीचा दाखला काढलेला. फायनान्स कंपनीने कोर्टातून हुकूमनामा मिळवून दरखास्त लावलेली. 'आपणांस दिवाणी तुरुंगात का ठेवू नये' अशा अर्थाची नोटीस पिशवीत सगळ्यांत वर होती. तिच्यावरील तारखेला १८ दिवस उरले होते.

कारखान्यातल्या कोणीतरी मोबाईलवर पाहून त्यांना सांगितले होते की दिवाळखोरीची प्रकरणे मुंबईला 'एनसीएलटी'त चालतात. बिचारे नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेले आणि विचारत विचारत कफ परेडला पोहोचले. दारावरच्या माणसाने विचारले, "कंपनी कोणती?" यांनी आपल्या कारखान्याचे नाव सांगितले. त्या दिवसाच्या यादीत ते नाव कसे असणार? दोन-चार प्रश्नोत्तरे झाल्यावर दोघांच्याही लक्षात आले की तेथे कंपन्यांचे दिवाळे चालते आणि हे तर स्वतःचे घेऊन आले आहेत. तो माणूस भला होता. त्याने बसायला जागा दिली, पाणी दिले आणि हायकोर्टात चौकशी करा म्हणाला. हायकोर्टाच्या फाटकाशी पोहोचेतो संध्याकाळ झाली. परतीची गाडी चुकू नये म्हणून ते तसेच माघारी फिरले. घरी आल्यावर मेहुण्याने आणखी एक तोड सांगितली. आधार कार्ड जालना जिल्ह्यातल्या गावच्या पत्त्याचे आहे, तेव्हा अर्ज जालन्याच्या कोर्टातच करावा लागेल!

मुंबई नाही, जालना नाही. त्यांचे कोर्ट नाशिकमध्येच, सीबीएसजवळ जुन्या आग्रा रोडला, कलेक्टर कचेरीच्या शेजारी. सातपूरच्या बसने येता-जाता त्यांनी ते शेकडो वेळा पाहिले होते.

हा घोळ त्यांच्या एकट्याचा नाही. त्या रविवारनंतर आम्ही ओळखीच्या दोन वकिलांना विचारले, कायद्याची पुस्तके चाळली, आणि ध्यानात आले की शिकलेल्या माणसांनाही हे नीट सांगता येत नाही. आम्ही वकील नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण कुठल्या दारात जायचे एवढे समजले तरी एक खाडा, एक भाडे आणि मुख्य म्हणजे हातातले मोजके दिवस वाचतात.

दोन कायदे, दोन दारे

नादार हा शब्द आपल्या जुन्या पिढीला शाळेमुळे माहीत आहे. गरीब मुलाची फी माफ झाली की 'नादारी मिळाली' असे म्हणत. कोर्टाच्या भाषेतला नादार म्हणजे आपले देणे फेडू न शकणारा माणूस. त्यालाच बोली भाषेत दिवाळखोर म्हणतात आणि या शब्दाची फार लाज वाटते. पूर्वी पेढी बुडाली की व्यापारी दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून ठेवी, त्यावरून दिवाळे हा शब्द आला असे जुनी माणसे सांगतात. ते काही असो. ज्याने लोकांना फसवले तो आणि ज्याच्या हातात खरोखरच काही उरले नाही तो, हे दोघे कायद्याच्या लेखी सारखे नाहीत, एवढे लक्षात ठेवले तर निम्मी भीती जाते.

व्यक्तीच्या नादारीचे आपल्या देशात दोन जुने कायदे आहेत. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी १९०९ चा, आणि बाकी मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. मुंबई शहरातल्या माणसाचा अर्ज मुंबई हायकोर्टात जातो तो १९०९ च्या कायद्याने. नाशिकच्या माणसाला १९२० चा कायदा लागू. त्याचे कलम ३ सरळ सांगते की जिल्हा न्यायालय हेच नादारीचे न्यायालय. हे काम खालच्या न्यायालयाकडेही सोपवण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे, म्हणून जिल्हा न्यायालयात गेल्यावर अर्ज दाखल करण्याच्या खिडकीवर आधी विचारावे की नादारीचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे द्यायचा की वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. मालेगाव, निफाडकडच्या लोकांनी आपल्या भागातल्या कोर्टात हा अर्ज घेतात का, हेही तेथेच विचारून घ्यावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

मग एनसीएलटी कुठून आले? २०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्यांची प्रकरणे त्या संहितेने राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे दिली. साध्या माणसांसाठीही त्या संहितेत वेगळा भाग लिहिलेला आहे आणि तो लागू झाला की त्यांचे अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातील. परंतु तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला स्वतः जामीन राहिलेल्यांपुरता. म्हणजे मालक मंडळींपुरता. मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला कामगार त्यात येत नाही. त्याच्यासाठी जुने कायदे रद्द करणारे कलमही अमलात आलेले नाही, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रजांच्या काळातला कायदाच आज त्याचा कायदा आहे. मोबाईलवर शोधले की नवी संहिता वर येते आणि जुना कायदा खाली दडून राहतो. आमच्या गृहस्थांची मुंबईवारी घडली ती यामुळे.

त्या नव्या संहितेत गरिबांसाठी 'नव्याने सुरुवात' नावाची एक तरतूद आहे. तिच्या अटी वाचून आम्हाला हसावे की रडावे कळेना. वर्षाचे उत्पन्न ६० हजारांपेक्षा जास्त नको, मालमत्ता २० हजारांवर नको, माफीला पात्र कर्ज ३५ हजारांवर नको आणि राहते घर स्वतःच्या मालकीचे नको. महिना ५ हजारांत घर चालवणाऱ्या माणसाला ३५ हजार देतो कोण? आणि अजून ती तरतूदही लागू नाहीच.

राहता कुठे, कमावता कुठे

आता जालन्याचा प्रश्न. १९२० च्या कायद्याचे कलम ११ म्हणते की ऋणको जेथे सामान्यतः राहतो, किंवा जेथे धंदा करतो, किंवा जेथे स्वतः काम करून कमावतो, त्या हद्दीच्या न्यायालयात अर्ज करावा. अटकेत असेल तर जेथे कोठडीत आहे तेथे. यात 'जन्मगाव' नाही, 'आधारवरचा पत्ता' नाही. गावात वडिलांच्या नावे पडके घर आहे म्हणून माणूस तेथे राहतो असे होत नाही. आमचे गृहस्थ गेली १४ वर्षे नाशिकला भाड्याने राहतात, मुले येथल्या शाळेत शिकली, मजुरी सातपूरला. 'सामान्यतः राहतो' आणि 'काम करून कमावतो' या दोन्हींनी नाशिकच ठरते. पुराव्याला भाडेकरार, शाळेचा दाखला, ईएसआयचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक यांपैकी जे असेल ते जोडावे.

आपल्या समाजातली किती कुटुंबे मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून येऊन सातपूर-अंबडच्या आसपास राहिली आहेत! त्यांच्या कागदांवर गाव एक आणि चूल दुसऱ्याच गावी. त्यांनी हे कलम ध्यानात ठेवावे. याच कलमात आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे. जागेबद्दलची हरकत धनकोने पहिल्याच कोर्टात वेळेवर घ्यायला हवी. तशी घेतली नसेल, किंवा त्यामुळे न्यायाला बाधा आली नसेल, तर वरच्या कोर्टात अपिलात ती ऐकून घेत नाहीत.

बाहेरच्या देशांतही प्रश्न हाच, उत्तरे थोडी निराळी. अमेरिकेत दिवाळखोरीची स्वतंत्र कोर्टे आहेत आणि अर्जापूर्वीच्या १८० दिवसांतला जास्त काळ माणूस ज्या भागात राहिला तेथले कोर्ट त्याचे. इंग्लंडमध्ये २०१६ पासून कर्जदाराला स्वतःचा अर्ज करायला कोर्टात जावेच लागत नाही, तो एका अधिकाऱ्याकडे संगणकावरूनच जातो. आपल्याकडे मात्र सीबीएसला उतरावे लागते.

कंपनीचा नियम याच्या अगदी उलटा आहे, आणि तोही कामगाराने जाणून घ्यावा, कारण उद्या आपल्याच कारखान्यावर ती वेळ येऊ शकते. कंपनीच्या बाबतीत कारखाना कुठे आहे हे पाहात नाहीत, नोंदणीकृत कार्यालय कुठे आहे ते पाहतात. विजेचे मनोरे बनवणाऱ्या ज्योती स्ट्रक्चर्स या कंपनीचे कारखाने नाशिकला, मनोऱ्यांची चाचणी घेण्याचे केंद्र इगतपुरीजवळ घोटीला, पण नोंदणीकृत कार्यालय मुंबईला. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ज्या १२ मोठ्या थकबाकीदार कंपन्यांवर कारवाई करायला बँकांना सांगितले, त्यांत ही एक होती. तिचे प्रकरण जुलै २०१७ मध्ये मुंबईच्या एनसीएलटीत दाखल करून घेतले गेले. मध्यंतरी कंपनी मोडीत काढण्यापर्यंत गोष्ट गेली होती. शेवटी मार्च २०१९ मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली. अशा वेळी नाशिकच्या कामगाराचा दावा मुंबईच्या प्रकरणात नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. नाशिकच्या कोर्टात नादारीचा अर्ज देऊन त्याचा पगार मिळत नाही. कंपनी मोडीत निघालीच तर कामगारांचा आधीच्या २४ महिन्यांचा थकीत पगार तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने मोजतात, आणि भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीच्या निधीची रक्कम त्या वाटपात धरतच नाहीत. ही तरतूद चांगली आहे. याउलट आपल्या १९२० च्या कायद्यात मालक नादार झाला तर कारकून, नोकर, मजूर यांच्या चार महिन्यांच्या पगाराला अग्रक्रम आहे तो किती रुपयांपर्यंत? प्रत्येकी २० रुपये! १९२० साली २० रुपयांना किंमत होती. आज त्यात मजुराचा वडापाव आणि चहाही धड होत नाही. हा आकडा बदलावा असे कोणालाच कसे वाटले नाही, हे कोडे आहे.

अर्जात काय लिहायचे

देणे ५०० रुपये असले तरी अर्ज करता येतो. हाही १९२० चाच आकडा, पण येथे तो गरिबाच्या पथ्यावर पडला. देणे त्याहून कमी असले तरी हुकूमनाम्याखाली अटक झालेली असेल किंवा मालमत्तेवर जप्ती बसलेली असेल तर अर्ज चालतो. अर्जात स्वच्छ लिहावे लागते की मला माझे देणे देणे शक्य नाही. कुठे राहतो, कुठे काम करतो. कोणाकोणाचे किती देणे आहे, त्या प्रत्येकाचे नाव आणि पत्ता. घरात, गावात, बँकेत आपले म्हणून जे काही आहे ते सर्व, किमतीसह. आणि हे सारे मी कोर्टाच्या स्वाधीन करायला तयार आहे असे निवेदन. पूर्वी असा अर्ज केला होता की नाही, तेही.

'सारे स्वाधीन' हे वाचून आमच्या गृहस्थांच्या पत्नी घाबरल्या. "मग भांडीकुंडीही नेतील का?" त्यांचे भय स्वाभाविक होते, पण दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० त्यांच्या बाजूने आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांवर जप्ती येत नाही. मजुराची मजुरी जप्त होत नाही. पगारदाराच्या पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश यांना पैशाच्या हुकूमनाम्याखाली हात लावता येत नाही. भविष्यनिर्वाह निधीही सुरक्षित. जे जप्त होऊ शकत नाही ते नादारीतही कोर्टाकडे जात नाही.

अर्ज दाखल झाला की कोर्ट तारीख देते, धनकोंना नोटिसा जातात आणि त्यांच्यासमक्ष अर्जदाराची तपासणी होते. पैसे कशाला घेतले, कुठे गेले, काही लपवले का. खरे सांगणाऱ्याला यात भिण्यासारखे काही नाही. लपवणाऱ्याला मात्र वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. अर्जाआधी भावाच्या नावावर प्लॉट करून दिला, मेहुण्याला मोटारसायकल देऊन टाकली, असले उद्योग कोणी केले असतील तर कोर्ट ते व्यवहार रद्द करू शकते. दोन वर्षे मागचेही.

नादार ठरवणारा हुकूम झाल्यावर मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय त्या देण्यासाठी नवी कारवाई सुरू करता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा हुकूम वेगळा मागावा लागतो; तो आपोआप मिळत नाही. आमच्या गृहस्थांना सगळ्यांत जास्त काळजी याच गोष्टीची होती. त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. एक, पैशाच्या हुकूमनाम्यात अटक करून कोर्टापुढे आणलेल्या माणसाला 'तू नादारीचा अर्ज करू शकतोस' हे सांगणे कोर्टाचे कर्तव्य आहे, आणि महिन्याभरात तसा अर्ज करण्याची हमी त्याने दिली तर कोर्ट त्याला सोडू शकते. दुसरी, १९८० साली सर्वोच्च न्यायालयात जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन हा खटला झाला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यात स्पष्ट केले की पैसे नाहीत एवढ्याच कारणासाठी माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून देत नाही, अशी लबाडी दिसली पाहिजे. आणि बायांना तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच करता येत नाही, हे दिवाणी संहितेचे कलम ५६. बचत गटाच्या किंवा फायनान्सच्या हप्त्यासाठी 'उचलून नेऊ' असे दारात येऊन कोणी म्हणाले तर आपल्या भगिनींनी हा कलमाचा आकडा तोंडपाठ ठेवावा.

ऋणकोला तुरुंगात घालून पैसे निघत नाहीत, हे महाराष्ट्राला फार आधी उमगले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ते लोण पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला, त्यात शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्याखाली कैद करणे बंद केले आणि शेतकऱ्याच्या नादारीची सोयही केली. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना होता. नाशिक त्यात नव्हते.

आता जे या दारातून होत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर लोक उगाच आशा लावून बसतील. गाडी किंवा घर तारण असेल तर तो धनको आपले तारण सोडत नाही. चेक न वटल्याचा खटला फौजदारी आहे, तो नादारीच्या अर्जाने थांबत नाही. सरकारी देणे, लबाडीने घेतलेले कर्ज आणि बायकोची पोटगी ही शेवटपर्यंत चुकत नाहीत. परवाना नसलेल्या सावकाराने पिळले असेल तर त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करायची. २०१४ च्या सावकारी कायद्याने अशाला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पतसंस्थेच्या वसुली दाखल्यातला हिशेब चुकीचा असेल तर ते भांडणही सहकार खात्याच्या पायरीवरचे. आणि कर्ज काढणारा स्वतः नादारीतून सुटला तरी त्याचा जामीनदार सुटत नाही. जामीनदाराला स्वतःचा अर्ज स्वतःच करावा लागतो. पतसंस्थेच्या फॉर्मवर मित्रासाठी सही करताना हे कोण सांगतो?

नादार ठरल्यावर मोकळे झालो, असे समजून पुष्कळ जण घरी बसतात. ही मोठी चूक. हुकुमात कोर्ट एक मुदत घालून देते, त्या मुदतीत मुक्ततेसाठी दुसरा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो, सारे धनको पुन्हा दारात येतात, आणि त्यानंतर नवा अर्ज करायला कोर्टाची परवानगी लागते. मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांहून उसने घेणे हाही गुन्हा आहे. त्या काळात नगरपालिका-ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवता येत नाही. आमच्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसले.

वकिलाचे काय, असा प्रश्न उरतोच. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला तेथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जातीचा दाखला नेणे सोयीचे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. हे खैरात म्हणून मिळत नाही, हक्क म्हणून मिळते, तेव्हा खिडकीशी मान खाली घालून उभे राहू नये. तडजोडीला धनको तयार असेल तर लोकअदालतीचा मार्गही तेथूनच निघतो. पण तेथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून पेलेल तेवढ्याच हप्त्याला होकार द्यावा.

त्या रविवारी आम्ही अर्जाचा कच्चा मसुदा लिहायला बसलो. धनकोंची यादी करताना गृहस्थ पतसंस्था, फायनान्स कंपनी, व्याजवाला आणि कारखान्यातले दोन मित्र, अशी पाच नावे सांगून थांबले. आम्ही विचारले, "अजून कोणी?" ते म्हणाले, "नाही." पत्नी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदराआडून एक लहान वही काढली. दुधाचा हिशेब लिहितात तसली. तिच्यात त्यांच्या भावाचे १५ हजार होते, तारखेसह. गावाकडच्या चुलत सासऱ्यांचे ६ हजार होते. आणि वस्तीतल्याच एका विधवा बाईंचे ३ हजार, जे दर महिन्याला शे-दोनशे करून फेडणे चालू होते. "त्यांची नावं कोर्टाच्या कागदावर कशाला?" गृहस्थ पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला होता. नात्यातल्या माणसाला कोर्टाची नोटीस जाणार, याची त्यांना तुरुंगापेक्षा जास्त धास्ती होती.

आम्ही सांगितले की कायद्याला सगळी नावे हवीत. जवळचे म्हणून एकाचे लपवले तर दूरचे तेच धरून अर्ज पाडतील. शिवाय अर्जाच्या तोंडावर एकालाच गुपचूप फेडणे हेही कोर्टाला चालत नाही. ते ऐकत नव्हते. शेवटी बाईच बोलल्या. "लिहा भाऊ, माझ्या भावाचं पहिलं लिहा. त्याला मी आधी फोन करून सांगते." आणि तेथेच उठून बाहेर पायरीवर जाऊन त्यांनी फोन लावला. आम्हाला आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता. पाच-सात मिनिटांनी परत आल्या आणि म्हणाल्या, "विधवा मावशींना मी उद्या सकाळी जाऊन सांगीन. त्यांचंही लिहा."

यादी आठ नावांची झाली. गुरुवारी गृहस्थ अर्धा दिवस रजा टाकून सीबीएसला उतरले आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. नोटिशीच्या तारखेआधी अर्ज दाखल झाला. सुनावणी अजून सुरू आहे. मुक्ततेच्या अर्जाची मुदत कोर्टाने घालून दिली की ती तारीख लिहून ठेवायला त्या वहीत एक पान कोरे सोडले आहे.